पाच दिवसांत सुटणारी नखं : कोल्हापुरातल्या एका रोखपाल ताईंचं प्रकरण

आषाढाच्या तोंडावर या ताई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती : "माझ्या नखांवर ॲक्रिलिक बसतच नाही." ॲक्रिलिक म्हणजे द्रव आणि पावडर मिसळून नखावर बसवायचं, कडक होणारं कृत्रिम नख. पस्तिशीच्या आसपासचं वय, कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत रोखपाल, दिवसभर काउंटरवर नोटा मोजायच्या. पाच महिन्यांत त्यांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी नखं करून घेतली होती. पहिली दहा-बारा दिवस टिकली, दुसरी आठवडाभर, तिसरी पाचव्या दिवशी सुटायला लागली. एखादं सुटलं की घरात खेळणी-चपला जोडायला ठेवलेल्या झटपट गोंदाचा थेंब खाली सोडायचा आणि दाबून धरायचं, हा त्यांचा उपाय.

तिन्ही ठिकाणी कारण एकच सांगितलं गेलं होतं : तुमची नखं तेलकट आहेत. आमच्या धंद्यात हे निदान फार सोयीचं आहे. लावणारीवर काही येत नाही आणि गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देत घरी जातं. वास्तविक नखाखालच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. नखावर जे तेल सापडतं ते बाजूच्या कातडीचं, हाताला लावलेल्या क्रीमचं किंवा सकाळी केसांना चोपडलेल्या खोबरेलाचं. ते पुसता येतं. शिवाय ताईंनी सांगितलेला क्रमच या निदानाच्या विरुद्ध जात होता. नखं जन्मजात तेलकट असती तर तिन्ही वेळा साधारण सारख्याच दिवसांनी सुटली असती. इथे दर वेळी मुदत कमी होत गेली होती. म्हणजे प्रत्येक कामात मूळ नखाचं काहीतरी जात होतं आणि पुढचं काम त्या उरलेल्या नखावर होत होतं. या प्रकरणात मला मांडायचं आहे ते हेच.

दहा नखांचा नकाशा

नवीन गिऱ्हाईक आलं की मी लगेच नखं घासायची फाइल हातात घेत नाही. दिव्याखाली दहाही नखं बघते आणि कुठलं कुठून सुटलंय ते कागदावर काढते. सुटण्याची जागा कारण सांगते. मुळाशी, म्हणजे क्युटिकलकडून (नखाच्या मुळाच्या कातडीकडून) सुटलं असेल तर बहुतेक वेळा तिथली मेलेली कातडी निघालेली नसते, किंवा ॲक्रिलिक कातडीवर चढलेलं असतं, किंवा मिश्रण फार ओलं असतं. बाजूच्या कडेनं सुटलं तर त्या खोबणीत साफसफाई झालेली नसते. टोकाकडून सुटलं तर टोकाची कड बंद केलेली नसते किंवा गिऱ्हाईक त्या टोकानं काहीतरी उचकटत असतं. आणि मधोमध आडवी चीर गेली असेल तर उंचवटा, ज्याला आम्ही अ‍ॅपेक्स म्हणतो, तो चुकीच्या जागी आहे किंवा नाहीच.

ताईंच्या दहाही नखांना मुळाशी अर्धचंद्रासारखी पोकळी होती. दहाही. तीन-चार असती तर हाताच्या सवयीकडे बोट दाखवता आलं असतं. दहाच्या दहा म्हणजे तयारीच चुकलेली. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना टोकाकडूनही फट होती, ती नोटांची. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि नोट सरकवायची, हे दिवसातून हजारदा, म्हणजे टोकाशी पाणी आणि ताण दोन्ही. दोन नखांच्या मुळापाशी ॲक्रिलिकखाली लालसर आडवी रेघ दिसत होती. नखं घासायच्या मशीनचा बिट, म्हणजे फिरणारं टोक, एकाच जागी दाबून फिरवला की नख तिथे चर पडल्यासारखं झिजतं आणि खालचं मांस लाल दिसू लागतं. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या नखावर एका बाजूला हिरवा डाग होता. ताईंना वाटत होतं की नेलपॉलिशचा रंग उतरला असेल.

आणखी एक प्रश्न मी विचारतेच : बोटांच्या टोकांना खाज, पुरळ, पापण्यांना सूज असं काही? नाही म्हणाल्या. हो म्हणाल्या असत्या तर प्रकरण तिथेच संपलं असतं. ॲक्रिलेटची, म्हणजे ॲक्रिलिकमधल्या रसायनांची, ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि हीच रसायनं दातांच्या कामात आणि सांधे बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्येही असतात. नखांच्या हौसेपायी गुडघ्याच्या डॉक्टरांची पंचाईत करून ठेवण्यात अर्थ नाही.

मग त्या तीन ठिकाणी काम कसं करत होते ते विचारलं. ताई अस्सल कोल्हापुरी थाटात सांगू लागल्या, "आधी गरम पाण्यात शाम्पू घालून हात बुडवून ठेवायला लावायच्या. मऊ झाले की ते मशीन फिरवायच्या नखावर. शेवटच्या वेळी तर मी ओरडलोच, इतकं भाजलं. ऑफर होती ना, मॅनिक्युअर आणि नखं एकत्र."

या चार वाक्यांत बहुतेक सगळं आलं. नख पाणी शोषून घेतं. शोषलं की ते किंचित पसरतं आणि सपाट होतं. त्या फुगलेल्या नखावर ॲक्रिलिक बसवलं की पुढच्या काही तासांत पाणी निघून जातं, नख पुन्हा मूळच्या गोलाईत येतं, पण वरचं ॲक्रिलिक आपला आकार सोडत नाही. दोघांमध्ये फट पडते. त्यामुळे ॲक्रिलिकच्या आधी ओलं मॅनिक्युअर करू नये, कोरडंच करावं. ऑफरमध्ये दोन्ही एकत्र असलं तर नखं आधी आणि पाणी नंतर, तेही दुसऱ्या दिवशी.

भाजण्याचं कारण वेगळं. द्रव आणि पावडर एकत्र आली की ती कडक होताना उष्णता बाहेर पडते. धड नखाला ती जाणवत नाही, फार तर कोमट लागतं. नख घासून कागदासारखं पातळ केलं असेल आणि वर जाड गोळा ठेवला असेल तर चटका बसतो. ताई ओरडल्या तेव्हाच नखाची जाडी कळायला हवी होती. समोरून उत्तर आलं होतं, "थोडं सहन करा, पक्कं बसतंय."

वास, ॲसिटोन आणि कवळीचं द्रव

तिसऱ्या ठिकाणच्या नखांबद्दल मला वेगळीच शंका होती. ती विलक्षण कडक होती. फाइल चालवली तर घसरत होती. लावताना वास कसा होता विचारल्यावर ताई म्हणाल्या, नाकात जाऊन डोकं दुखेल असा, दातांच्या दवाखान्यासारखा.

ॲक्रिलिक नखांचा जन्मच दातांच्या दवाखान्यातला. 1954 मध्ये फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं स्वतःचं तुटलेलं नख दातांच्या ॲक्रिलिकनं आणि ॲल्युमिनियमच्या वर्खानं जोडलं, असं या धंद्यात सांगितलं जातं. कवळी बनवायला जे द्रव वापरतात ते मिथाइल मेथाक्रिलेट, थोडक्यात एमएमए. सुरुवातीच्या काळात नखांनाही तेच लावत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, नखं विद्रूप झाल्याच्या आणि त्वचेला दाह झाल्याच्या तक्रारी यायला लागल्या, आणि 1974 मध्ये निव्वळ एमएमए असलेलं एक उत्पादन न्यायालयाच्या मनाई हुकुमानं बाजारातून हटवलं गेलं. तेव्हापासून चांगल्या कंपन्या इथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ईएमए वापरतात. दोघांत फरक वागण्याचा आहे. एमएमएचं नख इतकं ताठ होतं की जोराचा दणका बसला तर ॲक्रिलिक तुटत नाही, खालचं खरं नख फाटतं. ते चिकटावं म्हणून नख आधी भरपूर घासतात. आणि ॲसिटोनमध्ये, म्हणजे नखं उतरवायच्या द्रवात, ते लवकर विरघळत नाही. दर मात्र स्वस्त पडतो, म्हणून अजूनही कुठे कुठे चालतं.

एका नखावर चाचणी घेतली. वरचा चमकदार थर घासून काढला, कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून ठेवला, वर ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळली. ईएमएचं नख वीस-तीस मिनिटांत चिकट, लिबलिबीत होतं आणि लाकडी काडीनं सरकतं. हे चाळीस मिनिटांनीही वरवर जरा रबरासारखं झालं, आत तसंच. वास, कडकपणा आणि हे, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. बाटली हातात नसताना यापेक्षा जास्त बोलायला मी तयार नव्हते आणि ताईंनाही तसंच सांगितलं. त्यांना त्या पार्लरवाल्या बाईंशी भांडायला जायचं होतं. मी म्हटलं, आधी नखं सोडवू.

काढणं

इथे उचकटायचा मोह फार होतो. दहाही नखांना मुळाशी फट होती, पुशर (कातडी मागे सारायचं साधन) घालून वर केलं असतं तर दहा मिनिटांत सगळं निघालं असतं, नखाचे वरचे थर सोबत घेऊन. आपलं नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्यातलं किती आधीच गेलंय हे माहीत नसताना आणखी ओरबाडायचं नसतं.

सुटलेला भाग आधी कापून टाकला. उरलेलं 100 ग्रिटच्या फाइलनं (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितकी फाइल बारीक) हातानं घासत आणलं, शेवटी 180 घेतली आणि खाली पापुद्र्याएवढा थर मुद्दाम ठेवला. तो नखाबरोबर वाढून पुढे जाईल. मशीन वापरलं नाही. ते वाईट म्हणून नव्हे, तर या नखांवर चुकीला जागाच उरलेली नव्हती. घासताना तोंडावर मास्क आणि टेबलाला धूळ ओढणारा पंखा हवाच. ही धूळ इतकी बारीक असते की ती नाकात गेल्याचं कळतही नाही.

हिरवं नख शेवटी घेतलं. तिथलं ॲक्रिलिक पूर्ण काढलं तेव्हा खाली चांगला मोठा डाग निघाला. बऱ्याच जणी याला बुरशी म्हणतात. ती बुरशी नाही. सूडोमोनास नावाचे जिवाणू फटीतल्या ओलाव्यात वाढतात आणि त्यांचं हिरवं रंगद्रव्य नखात उतरतं. ताईंचा झटपट गोंद इथे आडवा आला होता : फट वरून बंद, आत भांडी-धुण्याचं पाणी, आणि पावसाळा. या नखावर पुन्हा काहीही लावणं म्हणजे जिवाणूंना घर बांधून देणं. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या नखाची फाइल लगेच कचऱ्यात टाकली. धातूची साधनं धुऊन निर्जंतुक केली.

ताईंना वाटलं होतं की संध्याकाळी नवी नखं घेऊनच घरी जाऊ. "गौरीला तरी करून देणार का नाही?" त्यांनी विचारलं. गौरी-गणपतीला तेव्हा दोन महिने होते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे तोवर मुळाकडचं अर्धं नख नवं आणि धडधाकट असणार, पुढचं अर्धं अजून झिजलेलंच. अख्खं नख बदलायला सहा महिने लागतात. मी गौरीचा शब्द दिला, पण लांबी मी ठरवणार, या अटीवर.

मधल्या काळात करायचं फारसं काही नव्हतं. नखं आखूड ठेवायची, जिव्हाळीपर्यंत मात्र कापायची नाहीत. रात्री कडांना तेल. भांडी घासताना रबरी हातमोजे. आणि काउंटरवर ओल्या स्पंजऐवजी अंगठ्याला रबरी टोपी. ती टोपी घालायला ताईंनी बरेच आढेवेढे घेतले, पतसंस्थेतली पोरं चेष्टा करतात म्हणून.

याच सुमारास त्यांच्याबरोबर त्यांची नणंद आली, एका दवाखान्यात परिचारिका. तिलाही नखं हवी होती. तिला मी नाही म्हटलं. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या हात-स्वच्छतेच्या 2009च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, कारण साध्या नखांपेक्षा त्यांच्याखाली जंतू जास्त राहतात, हात धुतल्यावरही. तिची सुट्टीच चार दिवसांची होती, पण नियम सुट्टीतल्या नखांना नव्हे, परत कामावर जाणाऱ्या हातांना आहे.

लावणं

भाद्रपदात गौरींच्या आधीच्या आठवड्यात ताई पुन्हा बसल्या. हिरवं नख डॉक्टरांनी अजून उघडं ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा नऊच नखं करायची ठरली.

हात साबणानं धुऊन, कोरडे पुसून, मग बराच वेळ नुसतं गप्पा मारत बसवलं, नखातलं पाणी उडून जावं म्हणून. त्यानंतरचा टप्पा मी या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा मानते, आणि तोच सर्वांत घाईत उरकला जातो. क्युटिकल म्हणून आपण जे मागे ढकलतो ती जिवंत कातडी असते. तिच्या खालून नखावर एक पारदर्शक मेलेला पापुद्रा पुढे आलेला असतो, नखाला इतका चिकटलेला की बघून वाटतं नखच आहे. जिवंत कातडी हलकेच मागे सारली तरी हा पापुद्रा तिथेच राहतो. ॲक्रिलिक त्याच्यावर बसतं, नखावर बसतच नाही. पापुद्रा सुटला की तेही सुटतं. ताईंच्या दहाही नखांची अर्धचंद्राकृती पोकळी इथून आली होती. धातूचा पुशर जवळजवळ आडवा धरून, दाब न देता, लहान लहान गोल फिरवत पापुद्रा खरवडायचा. पांढरा भुसा निघत राहतो. तो निघायचा थांबला की झालं. कडेच्या खोबणीतही तेच, तिथे टोकदार साधन हवं.

नखाची चकाकी 240 ग्रिटच्या बफरनं, म्हणजे मऊ फाइलनं, काढली, तीही दोन-तीन हातांत. खरखरीत केल्याशिवाय धरत नाही हा समज इतका पक्का आहे की मी शिकवायला बसते तेव्हा त्यावर सर्वांत जास्त वाद होतो. पण विचार करा. नख जितकं पातळ तितकं ते लवचिक. वरचं ॲक्रिलिक ताठ. बोट दाबलं की खालचं वाकणार, वरचं वाकणार नाही, आणि जोड उघडणार. सुटलं म्हणून पुढच्या वेळी आणखी घासायचं, त्यानं नख आणखी पातळ, म्हणून आणखी लवकर सुटणार. बारा दिवस, सात दिवस, पाच दिवस. ताईंची पाच महिन्यांची कहाणी हीच.

बफरची धूळ ब्रशनं झटकली, नख कोरडं करणारा डिहायड्रेटर फिरवला, मग ॲक्रिलिक धरावं म्हणून बिनॲसिडचा प्राइमर, तोही अगदी ओझरता. जुन्या पद्धतीचा ॲसिड प्राइमर म्हणजे मेथाक्रिलिक ॲसिड. कातडीला लागला तर भाजतो. अमेरिकेत पाच टक्क्यांपेक्षा जास्त मेथाक्रिलिक ॲसिड असलेल्या अशा बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं आहे. पातळ झालेल्या नखांवर तो वापरायचा प्रश्नच नव्हता. प्राइमर लावल्यापासून नखाला बोट लावायचं नाही, ताईंनीही नाही. त्यांना गालाला हात लावायची सवय आहे, दोनदा हात खाली घ्यायला लावला.

लांबीसाठी तयार टिपा (नखाची आयती टोकं) चिकटवायच्या की ज्यावर ॲक्रिलिकनं टोक घडवतात तो कागदी फॉर्म लावायचा? टिप चिकटवली की तिच्या सांध्याजवळ घासावं लागतं, आणि सांधा नेमका ताईंच्या जुन्या, झिजलेल्या भागावर आला असता. म्हणून फॉर्म. तो नखाच्या टोकाखाली नीट, फट न ठेवता बसला पाहिजे आणि समोरून व बाजूनं बघितला तर बोटाच्या रेषेत हवा, खाली झुकलेला नको. स्वतःच्या नखापुढे फक्त दोन मिलिमीटर. ताईंनी फोनवर फोटो दाखवला होता, त्यातली नखं बोटापेक्षा लांब होती. लांब नख म्हणजे तरफ. टोकाला बसलेला धक्का मुळाशी कित्येक पट होऊन पोचतो. आकार चौकोनी, कोपरे गोल केलेला. नोटांच्या गड्डीत टोकदार नख अडकतं.

आता ब्रश. माझा आठ नंबरचा कोलिन्स्की केसांचा आहे, पण त्याहून तो कसा सांभाळलाय हे महत्त्वाचं. काचेच्या छोट्या वाटीत द्रव थोडंसंच, आणि वाटीवर झाकण. ब्रश पूर्ण बुडवायचा, आतली हवा निघू द्यायची, वाटीच्या काठावर एका बाजूनं द्रव उतरवायचं, टोक पावडरीच्या पृष्ठभागावर टेकवून हळूच रेघ ओढायची. टोकाला भिजलेल्या साबुदाण्यासारखा मोती जमतो. प्रमाण साधारण एक भाग पावडरीला दीड भाग द्रव. वजनानं कुणी मोजत नाही, मोती बघून कळतं : ब्रशला धरून राहतो, ओघळत नाही, पृष्ठभाग चमकतो, नखावर ठेवला की क्षणभर उभा राहतो आणि मग कडा सावकाश पसरतात. ठेवल्या ठेवल्या कातडीकडे पळाला तर ओला. दाणेदार, मळकट राहिला तर कोरडा. ओलं मिश्रण पसरवायला सोपं म्हणून शिकाऊ मुली तेच उचलतात. पण जास्तीच्या द्रवाला पुरेशी पावडर मिळत नाही, ते अर्धवट कच्चं राहतं, आक्रसतं आणि मुळाशी सुटतं. ॲलर्जीचं मूळही बहुतेकदा अशाच कच्च्या द्रवात असतं, जे दर वेळी थोडं थोडं कातडीला लागत राहतं.

पावडरीत बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, द्रवात त्याला चालना देणारं एक अमाइन. त्यांची गाठ पडली की कडक होणं सुरू. वर्षानुवर्षं चालत आलेलं डायमिथाइल टोल्युइडीन नावाचं अमाइन युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलंय. आपल्याकडे बाटली घेताना घटकांची यादी वाचायची सवय लावून घेतलेली बरी. ज्या बाटलीवर यादीच नाही ती मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. उन्हाळ्यात मिश्रण भराभर आवळतं आणि हात चालवायला वेळ मिळत नाही. भाद्रपदातल्या गार दुपारी उलट, म्हणून खोली आधी थोडी उबदार करून घेतली.

पहिला मोती टोकाला, फॉर्मवर. ब्रशच्या पोटानं थापटून बसवला, टोकानं ओढला नाही. त्याची कड जाड आणि बंद केली, कारण टोकाची फट या ताईंना परवडणारी नाही. दुसरा मोती नखाच्या मधोमध, जिथे स्वतःचं नख संपून लांबी सुरू होते त्याच्या किंचित मागे. उंचवटा तिथेच हवा. धक्का येतो तो तिथे अडतो. ताईंच्या आधीच्या नखांवर उंचवटा नव्हताच, सगळीकडे सारखी जाडी होती. दिसायला सुबक, पण मार पडला की मोडणारी. तिसरा मोती सर्वांत लहान, मुळाजवळ, आणि कातडीच्या आधी केसाएवढी जागा सोडून थांबायचं. कातडीवर गेलाच तर घट्ट व्हायच्या आत लाकडी काडीनं काढायचा. ही मोकळी रेघ नवशिक्यांना कुरूप वाटते आणि त्या ती भरून टाकतात.

एकदाही चटका बसला नाही. ताई दर मोत्याला डोळे मिटून तयार व्हायच्या, मग उघडायच्या.

तीन-चार मिनिटांनी ब्रशच्या दांड्यानं टिचकी मारली. टक् असा कडक आवाज आला की फाइल घ्यायची. फॉर्म काढला, आधी बाजू, मग टोक, मग वरचा भाग, 150 नं आकार आणि 180, 240 नं गुळगुळीत. मुळाकडची कड घासून नखाशी एकजीव करताना फाइल सपाट धरली. तिरपी धरली की तिथेच लाल रेघ पडते. वरून बघून काम संपत नाही : बोट स्वतःकडे वळवून नळीतून बघितल्यासारखं टोकाकडून बघायचं, दोन्ही बाजूंची जाडी सारखी दिसते का. शेवटी तेल. ब्रश द्रवातच धुतला. साबणानं किंवा ॲसिटोननं धुतलेला ब्रश पुन्हा तसा मोती उचलत नाही. मिश्रण हाताला कडक लागलं तरी आतून पूर्ण पक्कं व्हायला एक-दोन दिवस जातात, म्हणून तेवढे दिवस गरम पाण्यात हात आणि जड कामं टाळायला सांगितलं. गौरी आणायच्या दिवसांत जड कामं टाळ म्हणणं म्हणजे काय, हे मलाही कळत होतं.

नंतर

गौरी जागवायच्या रात्री ताई फुगड्या खेळल्या, पंजात पंजा अडकवून, सगळं वजन मागे टाकून. माझा जीव त्यातच अडकला होता. नऊपैकी एकही नख फुगडीत गेलं नाही.

गेलं ते स्टेपलरच्या पिनेत. विसर्जनानंतर बँकेची चलनं सोडवताना मधल्या बोटानं पीन उचकटली आणि टोकाचा कोपरा उडाला. खालचं नख शाबूत होतं. ॲक्रिलिक तुटलं, नख नाही, आणि ईएमएचा ताठपणा मोजूनमापून असण्याचा फायदा तो हाच. कोपरा घासून एका मोत्यात भरून दिला. पिना काढायचा चिमटा आठ-दहा रुपयांना मिळतो, तो काउंटरवर ठेवायला सांगितला.

तिसऱ्या आठवड्यात रिफिलला, म्हणजे मुळाकडची रिकामी जागा भरून घ्यायला, आल्या तेव्हा तिथे वाढलेल्या नखाची दोनेक मिलिमीटरची पट्टी होती. कागदावर पुन्हा नकाशा काढला. मुळाशी पोकळी एकाही नखाला नाही. उजव्या अंगठ्याला मात्र टोकाशी पुसटशी फट. टोपी घालता का, विचारल्यावर ताईंनी विषय बदलला. म्हणजे ओला स्पंज परत आला होता. ती फट तयारीची नव्हती की मिश्रणाची नव्हती, कामाची होती, आणि पुन्हा भरली तरी पुन्हा पडणारच होती. दोन्ही अंगठ्यांचं ॲक्रिलिक ॲसिटोननं उतरवलं. पंचवीस मिनिटांत सरकलं. आता अंगठे त्यांचे स्वतःचे, नुसतं पॉलिश. चार बोटांना ॲक्रिलिक आणि अंगठा मोकळा, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. काउंटरवर बसणाऱ्या इतर बायकांनाही मी हल्ली सुरुवातीलाच असंच सुचवते.

डाव्या हाताच्या हिरव्या नखावर काम करायला दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी परवानगी दिली. डाग टोकाकडे सरकत सरकत कापला गेला होता, पण नखावर बारीक खाच राहिली आहे, म्हणून त्यावर लांबी न देता नुसतं पातळ आच्छादन घातलं. पाच महिने झिजलेला भाग बाकीच्या नखांवरून पुरता कापला जायला पौष उजाडेल. ताईंना तेवढा धीर नाही. दर रिफिलला फोन पुढे करून तोच फोटो दाखवतात आणि निदान दोन मिलिमीटर वाढवून मागतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.